सुतार संतापुढचे गाऱ्हाणे

१ मे हा दिवस महाराष्ट्रात दुहेरी महत्त्वाचा मानला जातो. १९६० साली याच दिवशी मराठी भाषकांचे राज्य अस्तित्वात आले. आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून तो जगभरच्या कामगारांचा दिवस होता. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील कॅथलिक समाजाच्या पंचांगात मात्र त्या तारखेपुढे तिसरीच एक नोंद असते, आणि ती शेजारच्या चाळीतील वा सोसायटीतील बहुसंख्य मराठी माणसांना ठाऊकही नसते. ती नोंद आहे श्रमिक संत योसेफाच्या सणाची. येशूचा पालकपिता, नाझरेथचा सुतार आणि कष्टकऱ्यांचा आश्रयदाता अशी या संताची ओळख आहे. एका हाती सुताराचे हत्यार आणि दुसऱ्या हाताला धरलेले बालक अशी त्याची मूर्ती जुहूपासून विक्रोळीपर्यंत अनेक देवळांत आढळते. नोकरी सुटलेला, नोकरी न मिळालेला, घर नसलेला माणूस तिच्यापुढे मेणबत्ती लावतो आणि मनातले गाऱ्हाणे घालतो.

या सणाचा जन्म तसा अलीकडचा आहे. योसेफाचा मूळ सण १९ मार्चचा. तो शतकानुशतके चालत आला. १८७० साली पोप पायस नववे यांनी त्याला सार्वत्रिक चर्चचा आश्रयदाता म्हणून घोषित केले. १ मेचा सण मात्र पोप पायस बारावे यांनी १९५५ साली रोममध्ये, इटलीतील कॅथलिक कामगार संघटनांच्या मेळाव्यापुढे जाहीर केला. त्यामागील हेतू समजण्यास फार खोल जावे लागत नाही. शिकागोमधील १८८६ च्या आठ तासांच्या लढ्याची स्मृती म्हणून १८८९ साली पॅरिस येथील समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १ मे हा दिवस मुक्रर केला होता. युद्धोत्तर इटलीत कम्युनिस्ट पक्ष प्रबळ होता आणि रविवारी मिस्साला जाणारा कामगार १ मे रोजी लाल बावट्याखाली चालत होता. त्या दिवशी त्याला देवळाकडे वळविण्यासाठी एक संत हवा होता. याच योसेफाला १९३७ साली पोप पायस अकरावे यांनी साम्यवादाविरुद्धच्या मोहिमेचा रक्षणकर्ता म्हणून नेमले होते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे १९५५ चा सण हा जसा श्रमाचा सन्मान होता, तसाच तो एक डावपेचही होता, हे नाकारता येत नाही. पुढे १९६९ च्या पंचांगसुधारणेत या सणाचा दर्जाही उतरविण्यात आला आणि तो ऐच्छिक स्मरणदिन होऊन राहिला. एखाद्या दिवसावर दावा सांगण्याची निकड संपली म्हणजे त्या दिवसाचा थाटही ओसरतो!

तथापि डावपेच म्हणून सुरू झालेली प्रत्येक गोष्ट डावपेच म्हणूनच राहते असे नाही. कामगाराला आपला एक संत मिळाला आणि कामगाराने तो खरोखरच आपला मानला. शुभवर्तमानांत योसेफाविषयीचा मजकूर अगदी थोडा आहे. त्याच्या व्यवसायासाठी मूळ ग्रीक संहितेत ‘तेक्तोन’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ केवळ सुतार असा नसून लाकूडकाम, बांधकाम करणारा कारागीर असा व्यापक आहे. आजच्या भाषेत ज्याला इमारतीच्या कामावरचा मिस्त्री म्हणता येईल तो. लोकांनी येशूला ‘सुताराचा मुलगा’ म्हटले ते कौतुकाने नव्हे, हिणवण्यासाठी. सुताराच्या पोराला एवढे ज्ञान आले कोठून, हा त्यांचा प्रश्न होता. जिवाच्या भीतीने बायकामुलाला घेऊन रातोरात परक्या देशात, मिसरात गेलेला हा माणूस आहे. पोटासाठी वा जिवासाठी मुलूख सोडून आलेल्या माणसांनीच ज्या उपनगरांची वस्ती वाढविली, तेथे त्याची भक्ती रुजली यात नवल ते काय?

मराठी वाचकाला कष्टकरी संत नवे नाहीत. गोरोबा मडकी घडवीत होते, सावतोबा मळा शिंपीत होते, नरहरी सोनारकाम करीत होते, आणि जनाबाईबरोबर तर प्रत्यक्ष विठ्ठल दळायला बसत होता. खंडेनवमीला गिरणीतल्या मागाला आणि कारखान्यातल्या लेथला झेंडूचे तोरण बांधणाऱ्या कामगाराला हत्याराची पूजा शिकवावी लागत नाही. कॅथलिक प्रार्थनाग्रंथातही कामाच्या हत्यारांना आशीर्वाद देण्याचा विधी आहे, हे त्याला सांगितले तर तो मान डोलावील. पण एक फरक मोठा आहे. आपले कारागीर संत बोलले, गायले, प्रसंगी देवाशी भांडले. योसेफाच्या तोंडचा एकही शब्द चारही शुभवर्तमानांत नाही. तो ऐकतो, उठतो आणि सांगितलेले करतो. कामगारांचा आश्रयदाता म्हणून असा मूक माणूस निवडला जावा, ही गोष्ट मालकवर्गाला गैरसोयीची वाटण्याचे कारण नव्हते. सत्ताधीशांच्या सिंहासनाला आणि धनवंतांच्या कोठारांना धक्का देणारे स्तोत्र शुभवर्तमानात आहे. पण ते त्याच्या पत्नीच्या, मरीयेच्या, तोंडी आहे. घरातले हे दोन स्वर एकत्र ऐकावयास हवेत, एवढे तरी म्हणणे भाग आहे.

मुंबईच्या उपनगरांत ही भक्ती ज्या मातीत रुजली तिचा इतिहासही श्रमाचाच आहे. येथील मूळचा कॅथलिक समाज, ज्याने १८८७ साली ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले, तो भातशेती करणारा, मीठ पिकविणारा, मासेमारी करणारा समाज. मरोळ, चकाला, आंबोली, कोंदिविटे, गोराई, मनोरी ही त्याची गावे. त्याची बोली मराठीचीच. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या देवळात नेऊन तो ‘आगेरा’ साजरा करतो. शेते गेली तरी सण राहिला. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात औद्योगिक वसाहतीच्या आवारात, आज जेथे हिरे जडविले जातात आणि संगणकाची कामे चालतात, तेथे बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या देवळाचे भग्नावशेष उभे आहेत. जेझुइटांनी हे देऊळ १५७९ साली बांधले. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगाने गाव उठले आणि वस्ती मरोळला गेली. पुढे जमिनी औद्योगिक कारणासाठी संपादन झाल्या, १९७३ साली सीप्झ सुरू झाले, आणि आपल्या पूर्वजांच्या देवळात मिस्सा ऐकण्यासाठी ईस्ट इंडियनांना वसाहतीच्या फाटकावर परवानगी मागण्याची पाळी आली. ज्या जमिनीवर पूर्वजांनी नांगर धरला, त्याच जमिनीवरच्या कारखान्यात नातवंडांनी कामाला लागावे आणि देवळात जाण्यासाठी पास काढावा, असा हा प्रकार आहे. त्यांच्या मागोमाग गोवेकर आले, मंगळुरी आले, तमिळ आणि मल्याळी आले. कोणी गोदीत, कोणी रेल्वेत, कोणी कचेरीत, कोणी परक्या घरच्या स्वयंपाकघरात. प्रत्येकाने आपला संत बरोबर आणला.

मुंबईत मागणे मागण्याची एक स्वतंत्र व्यवस्थाच उभी राहिली आहे. परंपरेने बुधवार हा योसेफाचा वार. पण १९४८ सालापासून माहीमच्या सेंट मायकेल देवळात सुरू झालेल्या नोव्हेनेमुळे मुंबईचा बुधवार मातेने घेतला, असे म्हणावयास हरकत नाही. (भक्तांच्या दरबारातही लेकरांचा ओढा बापापेक्षा आईकडे अधिक, हे ओघानेच आले.) या गर्दीत हिंदू असतात, मुसलमान असतात, पारशी असतात. वांद्र्याच्या मोत माउलीच्या पायऱ्यांबाहेर मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरे विकत मिळतात. दुखणे हाताचे असेल तर हात, गरज खोलीची असेल तर घर. कुर्ला-अंधेरी रस्त्यावर जरीमरी येथे संत ज्यूडचे देऊळ आहे. सर्व उपाय खुंटलेल्यांचा हा संत. पटकी-देवीची जुनी देवता जिच्या नावात आहे त्या वस्तीत, विमानतळाच्या भिंतीलगतच्या छोट्या कारखान्यांच्या गल्ल्यांत, हताशांच्या संताचे देऊळ असावे, यापेक्षा अधिक योग्य जागा शोधूनही सापडली नसती.

मागणे पुरे झाले म्हणजे आभार मानणे आले. मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत, वर नोकरभरती आणि खाली जागा भाड्याने देणे आहे यांच्यामध्ये, संत ज्यूडचे वा संत योसेफाचे कृपेबद्दल आभार मानणाऱ्या दोन ओळी वर्षानुवर्षे छापून आल्या. पुष्कळदा त्यांच्याखाली केवळ आद्याक्षरे. कृपा झाल्यास प्रसिद्धी देईन असा बोललेला नवस पैसे मोजून फेडलेला! या दोन ओळींची बुद्धिवाद्यांनी चेष्टा केली आहे आणि ती सोपीही आहे. सिसेरोने सांगितलेली एक गोष्ट या संदर्भात नेहमी आठवते. देवाला नवस बोलून जहाजफुटीतून वाचलेल्यांनी देवळात लावलेली चित्रे डायागोरास नावाच्या नास्तिकाला दाखविण्यात आली; त्यावर त्याने विचारले, की नवस बोलूनही जे बुडाले त्यांची चित्रे कोठे आहेत? प्रश्न बिनतोड आहे. ज्याला नोकरी लागली नाही तो जाहिरात देत नाही. उत्तर मिळालेल्या प्रार्थनांची नोंद होते, न मिळालेल्या प्रार्थना माणसे बरोबर घेऊन जातात.

पण डायागोरासचा विजय हा विषयाचा शेवट नव्हे. बुडणाऱ्याने नवस बोलावा की नाही, याची चर्चा किनाऱ्यावरून करणे फारसे शोभादायक नाही. कंत्राट संपलेल्या, मुलाची फी थकलेल्या माणसाला आठवड्यातून एक तास असा मिळतो, की ज्यात त्याचे म्हणणे कोणी मध्येच तोडत नाही. तो तास त्याच्याकडून हिरावून घेण्याचा अधिकार बुद्धिवादाला कोणी दिला? अविलाच्या संत तेरेझाने योसेफाकडे मागितलेले मिळाले नाही असे आपल्याला स्मरत नाही अशी ग्वाही दिली आणि १५६२ साली आपला पहिला सुधारित मठ त्याच्या नावाने उघडला. अलीकडे पोप फ्रान्सिस आपल्या अडचणींच्या चिठ्ठ्या निद्रिस्त योसेफाच्या मूर्तीखाली सरकवून ठेवीत असत, असे त्यांनीच २०१५ साली मनिलात सांगितले. जी गोष्ट पोपला चालते ती जरीमरीच्या शिलाई कामगाराला का चालू नये?

खरा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. ‘गाऱ्हाणे’ या मराठी शब्दाला दोन अंगे आहेत. कोकणात देवापुढे गाऱ्हाणे घालतात ते संकट निवारणासाठी. आणि अन्याय झालेला माणूस पंचांपुढे, साहेबापुढे, सरकारपुढे गाऱ्हाणे मांडतो ते न्यायासाठी. पहिल्यात दाता प्रसन्न व्हावा लागतो, दुसऱ्यात प्रतिपक्षाला उत्तर द्यावे लागते. नवसाच्या व्यवस्थेत नोकरी जाणे ही एका कुटुंबाची खासगी आपत्ती ठरते आणि नोकरी मिळणे हा त्या कुटुंबावर झालेला खासगी प्रसाद. नोकरी का गेली, एकाच फाटकातून एकाच दिवशी चारशे माणसे बाहेर का पडली, त्यांचा भविष्यनिर्वाह निधी भरला होता की नाही, हे प्रश्न मेणबत्तीच्या उजेडात दिसत नाहीत. चारशे माणसे चारशे वेगवेगळे नवस बोलतात. त्यांतील तिघांचे आभार छापून येतात.

हे नेहमीच असे नव्हते. घाटकोपरमध्ये दवाखाना चालविणारे डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे खाणकामगार आधी आले ते दुखणी घेऊन. त्या दुखण्यांचे मूळ औषधात नव्हे, मजुरीत आहे हे ओळखून डॉक्टर कामगार चळवळीत उतरले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. तो संप कोणत्याही दिवशी रीतसर संपला नाही. तो विरत गेला. पुढे १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत सामंतांची हत्या झाली. दरम्यान घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कितीतरी कारखाने बंद पडले आणि त्यांच्या जागी उंच इमारती, दुकानांचे मजले आणि वातानुकूलित कचेऱ्या आल्या. जो भोंग्यावर उठत होता त्याचा मुलगा आज त्याच जागेवर सुरक्षारक्षकाचा गणवेश घालून बारा तास उभा असतो, आणि त्याचा मालक कोण हे त्यालाही नीट सांगता येत नाही. कारण नेमणूक एकाची, गणवेश दुसऱ्याचा आणि इमारत तिसऱ्याची. मागण्यांचे पत्रक द्यावयाचे तर ते कोणाच्या हाती द्यावयाचे? युनियनच्या कचेरीला कुलूप लागले आणि देवळाचे दार उघडे राहिले, तर माणूस देवळाकडे वळणार, यात त्याचा दोष नाही.

दोष असेल तर त्या दारामागे उभ्या असलेल्या संस्थेचा आहे, आणि तोही तिच्याच शिकवणुकीच्या मापाने. पोप लिओ तेरावे यांनी १८८९ साली योसेफाच्या भक्तीवर परिपत्रक काढले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९१ साली, कामगारांच्या स्थितीवर ‘रेरुम नोव्हारुम’ हे दुसरे. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा संसार चालेल एवढे वेतन हा न्यायाचा प्रश्न आहे, केवळ कराराचा नव्हे. आणि कामगारांना संघटना उभारण्याचा नैसर्गिक अधिकार आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. एकाच लेखणीतून ही दोन परिपत्रके उतरली. १९८१ च्या सप्टेंबरात, म्हणजे गिरणी संपाच्या जेमतेम चार महिने आधी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रमाचे स्थान भांडवलाच्या आधीचे आहे असे प्रतिपादन करणारे आणखी एक परिपत्रक प्रसिद्ध केले. शास्त्रवचनांचाही तुटवडा नाही. शेत कापणाऱ्या मजुराची अडवून ठेवलेली मजुरी स्वतः आक्रोश करते आणि तो आक्रोश देवाच्या कानी जातो, असे याकोबाच्या पत्रात सांगितले आहे. आणि द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तात तर मुंबईकराला आपल्या डोळ्यांसमोरचे दृश्य दिसावे. दिवस कलला तरी चौकात उभी असलेली माणसे मळ्याच्या धन्याला भेटतात. का उभे आहात असे विचारल्यावर, आम्हाला कोणी कामाला लावले नाही, असे ती सांगतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड येथील नाक्यांवर सकाळी हीच माणसे उभी असतात. गवंडी, रंगारी, बिगारी, आणि करवत पिशवीत घातलेला सुतार. दृष्टान्तातला धनी शेवटच्या तासाला आलेल्यालाही पुऱ्या दिवसाची मजुरी देतो. नाक्यावर नऊ वाजून गेले म्हणजे भाव पडतो.

१८९१ ची आणि १९८१ ची शिकवण कागदावरच राहिली असे म्हणणेही अन्यायाचे होईल. सिस्टर जीन देवोस या मूळच्या बेल्जियमच्या धर्मभगिनींनी १९८० च्या दशकात मुंबईतून घरकामगार स्त्रियांची चळवळ उभी केली. ज्यांना ‘बाई’ याखेरीज नाव नव्हते अशा स्त्रियांना त्यांनी सुटी, पगार आणि सन्मान हे शब्द मोठ्याने उच्चारावयास लावले. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, त्यामागे अशा अनेक संघटनांचे वर्षानुवर्षांचे श्रम होते. त्याआधी १९६९ च्या माथाडी कायद्याने पाठीवर ओझे वाहणाऱ्या हमालाला नोंदणी, ठरलेली मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळवून दिला होता. या कायद्यांचे आभार मानणारी दोन ओळींची जाहिरात कोणी दिल्याचे ऐकिवात नाही. पण फळ मिळाले ते एकट्यादुकट्याला नव्हे, हजारोंना, आणि पुन्हा दरवर्षी नवस बोलावा न लागता.

हा प्रश्न आज निकडीचा आहे. २९ केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. कामगार कमी करण्यासाठी वा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी जेथे शंभर कामगारांच्या आस्थापनेला लागत असे, तेथे ती मर्यादा आता तीनशेची झाली आहे. उपनगरांतील बहुतेक कारखाने आणि कार्यशाळा या रेषेच्या खालच्या आहेत. दुसरीकडे किमान वेतनाची तरतूद सर्व क्षेत्रांना लागू करण्याचे आणि प्रत्येकाला नेमणूकपत्र देण्याचे आश्वासनही याच संहितांत आहे. या तरतुदी कष्टकऱ्यापर्यंत पोहोचवावयाच्या तर त्या त्याला समजेल अशा भाषेत कोणीतरी सांगावयास हव्यात. उपनगरांतल्या प्रत्येक धर्मग्रामात रविवारी शेकडो माणसे एकत्र येतात, आणि मिस्सा संपल्यावर नोव्हेनेच्या, लग्नांच्या, सहलींच्या सूचना वाचून दाखविल्या जातात. त्याच सूचनांत किमान वेतनाचा चालू दर, भविष्यनिर्वाह निधीची तक्रार कोठे करावयाची आणि घरेलू कामगारांची नोंदणी कोठे होते, ही माहिती येण्यास धर्मशास्त्राची कोणती अडचण आहे? आभाराची पत्रे वाचली जातात तेथे थकलेल्या मजुरीची पत्रेही वाचली जाऊ शकतात. हाच प्रश्न गणेशोत्सव मंडळांना आणि मशिदींच्या विश्वस्तांनाही विचारता येईल, आणि तो विचारावाच. परंतु कामगारांचा म्हणून स्वतंत्र संत आणि त्याचा १ मे हा स्वतंत्र दिवस पंचांगात आहे तो कॅथलिक चर्चच्या.

त्यातही चर्चला पहिली चौकशी स्वतःच्या अंगणात करता येण्यासारखी आहे. शाळा, महाविद्यालये, रुग्णालये चालविणारी ही संस्था या शहरातील मोठी नियोक्ती आहे. तिच्या छपरांखाली झाडू मारणारा, रात्रपाळीला फाटकावर बसणारा, मुलांना शाळेच्या गाडीत चढविणारी आया हे किती जण कायम आहेत आणि किती कंत्राटदाराचे, आणि कंत्राटदार त्यांच्या हाती प्रत्यक्षात काय ठेवतो, याचा हिशोब धर्मग्रामाच्या पातळीवर एका दुपारी होऊ शकतो. १ मे रोजी महाराष्ट्रात सार्वजनिक सुटी असते. त्या सकाळी योसेफाच्या मूर्तीपुढे हार आणि मेणबत्त्या येतील तेव्हा देवळाच्या फाटकावर उभा असलेला रखवालदार त्या दिवसाचा पगार भरपगारी सुटीचा घेत आहे, दुप्पट घेत आहे, की नेहमीचाच, एवढे आत जाणाऱ्याने त्याला विचारून पाहावे.